उसने डोळे

अकोला
६ एप्रिल २०२५

प्रिय सीमामावशीस,
सप्रेम जयभीम.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. हल्ली हातानं लिहिलेलं पत्र आलं की माणसाच्या मनात पहिलं तेच येतं. कारण साधं आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय की कामावरचा कॉम्प्युटर सुटणार नसेल तर निदान घरी तरी मोबाइल हातात घ्यायचा नाही. तुला फोन करावा तर तुझ्या त्या कानामुळं मी इथून ओरडते, तू तिथून "काय? काय?" करतेस, आणि आपलं सगळं घरमालकिणीला कळतं. म्हणून कागद आणला.

माझे डोळे कोरडे पडलेत. फेब्रुवारीपासून सुरू झालं. आधी वाळू गेल्यासारखं व्हायचं, आता पापणी मिटली तर आतून चिकटते. लेन्स घालून बघितल्या, टोचतात. उणे सहाचा हा चष्मा चौथीपासून नाकावर बसलाय, त्याचाही वीट आलाय. मग मनात आलं, लेझर करून टाकावं. इथल्या एका सेंटरमध्ये चौकशी केली तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, मॅडम, काही नाही हो, चालत या आणि चालत जा. कोरड्या डोळ्यांचं सांगितलं तर म्हणाली, ते होतं बरोबर.

दुकानात बाकी मजा चालू आहे. आमचे मनोजभाऊ फ्लेक्स छापतात ते दोनच गोष्टींचे, वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे. एकात फुगे टाकायचे, दुसऱ्यात समई. फेब्रुवारीत अकोटकडच्या एका खेड्यातून मैनाबाई नावाच्या म्हातारीचा फोटो आला होता, तेरवीच्या फ्लेक्ससाठी. आयुष्यात काढलेला एकच फोटो आणि त्यात डोळे मिटलेले. मुलगा म्हणाला, "ताई, डोये उघडे करून द्या." मिटलेले डोळे उघडायचे म्हणजे दुसऱ्या कुणाचे तरी आणून बसवायचे. इंटरनेटवरच्या म्हाताऱ्यांचे लावून बघितले, पण उजेडच जुळेना. शेवटी पासपोर्टसाठी चष्मा काढून काढलेला माझाच फोटो होता, त्यातले डोळे उचलले आणि भोवती सुरकुत्या ओढल्या. असे बसले म्हणून सांगू! मुलगा फ्लेक्स बघून म्हणाला, "बुढी जित्ती झाली ना!" मनोजभाऊंनी खूश होऊन आलूबोंडे मागवले.

तू सगळी नोकरी डोळ्यांच्या वॉर्डात नर्स म्हणून काढलीस, तेव्हा तूच सांग, लेझर करू का? आणखी एक विचारायचं होतं. चष्मा काढला की मला समोर कुणीतरी उभं दिसतं. कोरड्या डोळ्यांना असं होतं का?

तुझी,
ज्योत्स्ना


अमरावती
११ एप्रिल २०२५

चि. ज्योत्स्नास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारच्या तानुबाईनं आणून दिलं ते तोंड पाडूनच. उघडून वाचेपर्यंत हललीच नाही. लेझरचं पत्र आहे म्हटल्यावर जरा निराश होऊन गेली.

आधी डोळ्यांचं. काउंटरवरची पोरगी डोळे तपासत नाही, तारखा देते. लेझर वाईट नाही, माझ्यासमोर कितीतरी पोरं चष्मा फेकून हसत घरी गेली आहेत. पण आपल्या बुबुळावर बारीक बारीक नसा असतात. डोळा सुकायला लागला की पाणी सोडा म्हणून त्याच कळवतात. लेझरमध्ये त्यातल्या बऱ्याच कापल्या जातात. त्या पुन्हा जुळून येईपर्यंत चांगल्या ओल्या डोळ्याच्या माणसालाही काही महिने कोरडं वाटतं. ज्याचा डोळा आधीच उन्हाळ्यातल्या विहिरीसारखा, त्यानं आधी डोळ्यात पाणी आणायचं आणि मगच लेझरचं नाव काढायचं. काहींना तर ते शेवटपर्यंत नकोच म्हणतात. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून किती भिजते ते बघतात. ती तपासणी तुझ्या डॉक्टरांकडून करून घे. कुलरचा वारा तोंडावर घेऊन झोपू नकोस. कोमट पाण्याच्या घड्या ठेव. आणि कॉम्प्युटरपुढं बसल्यावर पापणी मिटत जा, तुम्ही पोरी तेच विसरता.

मैनाबाईचं वाचून आधी हसले, मग हसू राहिलं नाही. वॉर्डात कुणी गेलं की त्याचे डोळे आम्ही हातानं मिटवायचो. माझ्या हातानं कितीतरी मिटले. तू मिटलेले उघडलेस, आणि तेही आपले देऊन. तुझे डोळे काय झेरॉक्स काढायची वस्तू आहे का गं?

आणि कुणीतरी दिसतं म्हणजे काय? चष्मा काढल्यावर तुला समोरचं दार धड दिसत नाही, मग माणूस कुठून दिसतो? नीट लिही.

तुझी,
मावशी


अकोला
१७ एप्रिल २०२५

प्रिय मावशीस,
सप्रेम जयभीम.

तपासणी झाली. पट्टी कोरडीच निघाली. डॉक्टरांना वाटलं पट्टीच खराब असेल, म्हणून दुसरी लावली. तीही तशीच. म्हणाले, "या वयात इतका कोरडा डोळा मी बघितला नाही. तुम्ही डोळे उघडे ठेवून झोपता का?" मी म्हटलं, मला कसं कळणार, मी झोपलेली असते. त्यांनीही तुझंच सांगितलं की आधी उपचार आणि लेझरचं नंतर बघू. दिवसभर घालायचे थेंब दिलेत.

तू नीट लिही म्हणालीस, म्हणून लिहिते. चष्मा काढला की खोलीतलं सगळं विरघळतं. कपाट, खिडकी, आईचा फोटो, सगळ्याचे नुसते डाग होतात. आणि त्या डागांमध्ये दाराजवळ एक बाई उभी असते. ती मात्र स्पष्ट असते, मावशी. लुगड्याच्या काठावरची वेल दिसते इतकी स्पष्ट. चष्मा घातला की दार दिसतं आणि ती नसते.

मैनाबाईच आहे ती. मी तिच्या कपाळावर एक सुरकुती जरा वाकडी ओढली होती, ती तिथं तशीच वाकडी आहे. आणि डोळे माझे आहेत. ती पापणी मारत नाही. नुसती बघत असते, आणि ओठ हलत असतात. दरवेळी तेच काहीतरी म्हणते, पण आवाज येत नाही. चेहऱ्यावर राग नाही. राग असता तर बरं वाटलं असतं, रागावलेल्या माणसाला काय हवंय ते तरी कळतं.

मी त्या सेंटरमध्ये वीस मेची तारीख घेतली आहे. ओरडू नकोस. माझं गणित असं आहे. चष्मा काढल्यावर जे धूसर जग उरतं, त्यात ती राहते. लेझरनं ते जगच पुसून टाकलं तर ती उभी कुठं राहणार?

तुझी,
ज्योत्स्ना


अमरावती
२२ एप्रिल २०२५

चि. ज्योत्स्नास अनेक आशीर्वाद.

तुझे आजोबा देवमनबाबा यांनी आपल्या घरात भुताखेताचं नाव कधी काढू दिलं नाही. गावात कुणा बाईच्या अंगात आलं म्हणून लोक बोलवायला आले की म्हणायचे, "आधी तिले इचारा, सकायपासून जेवली का?" मी त्यांची लेक आहे. तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा हेच ठरवलं की पोरगी थकली आहे, झोप नाही, खाणं नाही, डोळ्यांची आग होते, म्हणून असं दिसतं.

मग रात्रभर तेच डोक्यात राहिलं. बेटा, दिसतं ते खरं की खोटं हे मला माहीत नाही. पण तुझं गणित उलटं आहे एवढं मला कळतं. आज ती दिसली की तू काय करतेस? चष्मा घालतेस आणि ती जाते. लेझर झाल्यावर काय घालशील?

कुठल्याही कागदावर सही करू नकोस. त्या गावाचं नाव आणि घराचा पत्ता मनोजभाऊंकडून घेऊन मला कळव. काय करायचं ते मलाही माहीत नाही, पण घरी बसून मला ते कळणार नाही.

तुझी आई गेली तेव्हा मी तिला शब्द दिला होता की पोरीला बघीन. तो शब्द नुसता तोंडचा नव्हता.

तुझी,
मावशी


अकोला
३ मे २०२५

प्रिय मावशीस,

पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. अकोटहून पुढं ऑटोनं जावं लागतं. मैनाबाईच्या मुलाचं नाव सूर्यभान, सुनेचं माणिकबाई.

अक्षर वाईट आलंय, समजून घे. मी आता झोपतानाही चष्मा घालते, आंघोळीतही. पण मावशी, थेंब घालायचे तर चष्मा काढावाच लागतो. म्हणून थेंब बंद केले. डोळे लाल झालेत. मनोजभाऊ म्हणतात, "घरी जा ताई, गिऱ्हाईक भेतात."

काल डॉक्टरांकडं गेले. त्यांनी भिंगातून बघितलं आणि चिमट्यानं काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. कुटार होतं. बैलांना घालतात ते, सोयाबीनचं बारीक कुटार. डोळ्यात मातीही होती. डॉक्टर म्हणाले, "शेतात काम करता का?" मी दिवसभर काचेच्या खोलीत एसीखाली बसते. माझ्या डोळ्यात कुटार कुठून येईल?

वीस तारीख मी रद्द केलेली नाही. तुझं बरोबर असेल, पण मला हे असं जगता येत नाही. एक तर ती जावी नाही तर मी वेडी आहे हे तरी कळावं.

ज्योत्स्ना


अमरावती
११ मे २०२५

चि. ज्योत्स्नास अनेक आशीर्वाद.

काल जाऊन आले. घर लगेच सापडलं. माणसं साधी आहेत, ओळख ना पाळख तरी माणिकबाईनं भाकर आणि झुणका वाढला. विशेष काही नाही. उन्हामुळं थकले आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

थेंब पुन्हा सुरू कर. मला वाटतं, आता तुला आराम पडेल. वीस तारखेला जाऊ नकोस, एवढं ऐक.

तुझी,
मावशी


अकोला
१९ मे २०२५

प्रिय मावशीस,

तू काय केलंस?

तुझं पत्र यायच्या आधीच, तू तिथून आलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, माझ्या गालावर पाणी आलं. मी रडत नव्हते, पोहे खात होते. आपोआप आलं. दोन्ही डोळ्यांतून, थंडगार. इतकं बरं वाटलं की मग मी खरंच रडले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. परवा डॉक्टरांनी पट्टी लावली तर ती भिजली. म्हणाले, "थेंब लागू पडले." मी त्यांना सांगितलं नाही की थेंब तर मी बंद केले होते.

आनंदात घरी आले. वाटलं, ती गेली असणार. पलंगावर बसले आणि चष्मा काढला.

ती होती. डोळ्यांवर ओल्या कापसाचे बोळे होते. त्यातलं पाणी गालांवरून लुगड्यावर ठिबकत होतं. आधी ती बघत असायची म्हणून जागेवर उभी असायची. आता तिला दिसत नाही, म्हणून ती चालते. हात पुढं करून, चाचपडत. तिनं भिंतीला हात लावला, कपाटाला लावला, आईच्या फोटोवरून बोटं फिरवली. ओठ तेच म्हणत होते, आता जोरजोरात. मग पलंगाला हात लागला आणि ती उशीपर्यंत आली. मी चष्मा घातला.

खोलीत कुणी नव्हतं. उशी ओली होती.

कापूस कुणी ठेवला, मावशी? तुझं "विशेष काही नाही" मी ओळखते. आईच्या आजाराचा रिपोर्ट आला तेव्हाही तू असंच म्हणाली होतीस.

हे पत्र तुला मिळेपर्यंत वीस तारीख उलटलेली असेल, म्हणून मीच ठरवलंय. मी सेंटरला जात नाही. उशीपर्यंत आलेल्या बाईसमोर माझ्या हातात चष्मा असायला हवा.

ज्योत्स्ना


अमरावती
२५ मे २०२५

चि. ज्योत्स्नास अनेक आशीर्वाद.

तू ओळखलंस. आता सगळं सांगते.

मी माणिकबाईला म्हटलं, माझ्या भाचीनं तुमच्या सासूबाईंचा फ्लेक्स केला होता, तो बघायचा आहे. ती म्हणाली, "हाव ना, अठीच आहे. बकऱ्यायले सावली केली त्याची. येवढं चांगलं कापड, फेकाव कसं?" घरामागं बकऱ्यांचा आडोसा होता आणि त्यावर तो फ्लेक्स ताणून बांधला होता. तोंड वर, आभाळाकडं. मी विचारलं, "तोंड वर काहून केलं?" तर म्हणाली, "मंग काय खाली करू बाई? बुढीच्या तोंडासमोर बकऱ्या हागतीन. मान ठेवला ना तिचा."

मान ठेवला. आणि त्या मानापायी तुझे डोळे सगळा उन्हाळा आभाळाकडं उघडे राहिले.

मी शिडी लावून चढले. या वयात काय शोभा झाली असेल ती असो. उन्हानं फ्लेक्स पार विटला होता. नाव गेलं, समई गेली, चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. फक्त डोळे ताजे होते. काळेभोर, जसे तू लावले तसेच. बाजूच्या ढिगातलं कुटार उडून त्यांच्यावर बसलं होतं. तुझे डोळे म्हणजे तुझ्या आईचेच. शेवटच्या आजारात ती छताकडं असंच बघत पडायची. मी शिडीवर उभी राहून पदरानं ते कुटार पुसलं आणि मला रडू आवरलं नाही.

आणखी ऐक. फोटोत मैनाबाईचे डोळे चुकून मिटलेले नव्हते. काचबिंदूनं तिची नजर गेली होती, तेव्हापासून ती ते मिटूनच ठेवायची. दिवसभर ओसरीवर बसायची. कुणाचं पाऊल वाजलं की विचारायची, "कोन आलं?" माणिकबाई म्हणाली, "दिवसातून शंभरदा इचारे. कामाच्या घाईत किती सांगाव? आमी कटायलो, मंग कोनी सांगेच ना." सांगताना तिचं तोंड उतरलं होतं. वाईट बाई नाही ती, सगळ्यांच्या घरात असंच होतं. तुला दिसणारी बाई काय म्हणते ते मला तिथंच कळलं.

अकोटच्या बाजारातून मी त्यांना नवी ताडपत्री आणून दिली आणि फ्लेक्स घरी आणला. बेशुद्ध पेशंटची पापणी मिटत नाही, तेव्हा डोळा सुकू नये म्हणून आम्ही त्यावर ओला कापूस ठेवायचो. मला दुसरं काही येत नाही, तेच केलं. पलंगावर फ्लेक्स पसरला, डोळ्यांवर कापूस ठेवला आणि भिजवत राहिले. तुला कळवलं नाही, कारण काय लिहिणार? तुझी निवृत्त मावशी फ्लेक्सची शुश्रूषा करते म्हणून?

पण तुझं पत्र आल्यापासून कापूस काढून ठेवलाय, हात थांबलाय. कापूस ठेवला तर तू भिजतेस आणि ती पुन्हा आंधळी होऊन चाचपडते. काढला तर तिला दिसतं आणि तू सुकतेस. जाळावं म्हटलं तर त्यात तुझे डोळे आहेत.

म्हणून सोबत माझा फोटो पाठवते. चष्मा काढून काढला आहे. मैनाबाईचा मूळ फोटो तुझ्याकडं असेलच. त्याला माझे डोळे लाव.

तुझी,
मावशी


अकोला
३१ मे २०२५

प्रिय मावशीस,

फोटो परत पाठवते. फाडणार होते, पण तुझे डोळे बघून फाडवला नाही.

हे मी करणार नाही. आई गेली तेव्हा तू म्हणाली होतीस, मी आहे. मग तू राहा. कापूस पुन्हा ठेवू नकोस. मी सुकेन, थेंब घालीन, जन्मभर चष्मा लावीन. लाखो लोक लावतात. लेझरचं वेड डोक्यातून गेलंय. ती दारात उभी राहिली तर राहू दे, आता मला माहीत आहे की ती काय विचारते. पण मला उत्तर देता येत नाही, मावशी. रोज म्हणते, आज सांगीन, आणि चष्मा घालून टाकते. माझेच डोळे माझ्याकडं बघत असताना मी कोण आहे ते मला सांगता येत नाही.

तुझ्याशी भांडायला रविवारी फोन करणार आहे. ऐकू आलं नाही तरी चालेल.

तुझी,
ज्योत्स्ना


अमरावती
९ जून २०२५

चि. ज्योत्स्नास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर बराच वेळ रागावलीस. मला त्यातलं "नाही" एवढंच ऐकू आलं, आणि तोवर उशीर झाला होता.

तू करणार नाहीस हे मला तुझ्या जन्मापासून माहीत होतं. फोटो तुला पाठवला त्याच दिवशी त्याची दुसरी प्रत घेऊन मी राजकमल चौकाजवळच्या एका फोटो स्टुडिओत गेले होते. मैनाबाईचा मूळ फोटो माणिकबाईनं फ्लेक्सबरोबर दिला होता. तिथला विपुल नावाचा माणूस म्हणाला, "काकू, कोनाचे डोये कोनाले लावता?" मी म्हटलं, तू तुझं काम कर. त्याच्याकडून दोन गोष्टी करून घेतल्या. मूळ फोटोतल्या मिटलेल्या पापण्यांचे मोठे स्टिकर काढून आणले आणि फ्लेक्सवरच्या तुझ्या डोळ्यांवर चिकटवले. अंगठ्यानं वरून खाली, वॉर्डात करायचे तसे. मग फ्लेक्स घडी करून माझ्या लुगड्यांच्या पेटीत ठेवला. आणि दुसरी गोष्ट म्हणजे मैनाबाईचा नवीन फोटो, माझ्या डोळ्यांचा, फ्रेम करून माणिकबाईकडं पोचवला. तिनं तो ओसरीवर लावलाय, सावलीत, रस्त्याकडं तोंड करून. येणारं-जाणारं सगळं दिसतं तिथून.

तू आता चष्मा काढून बघ. सगळं धूसर दिसेल आणि रिकामं दिसेल. थेंब सोडू नकोस. सहा-आठ महिने डोळे असेच ओले राहिले, तर तुझ्या डॉक्टरांना विचारून लेझरचं ठरव. त्या काउंटरवरच्या पोरीला विचारून नाही. नको म्हणाले तर नको. हो म्हणाले आणि तुला हवं असेल तर कर. डोळे आता तुझ्या एकटीचे आहेत.

माझं विचारशील. बुधवारपासून डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतंय. शुक्रवारी सकाळी थेंब घालायला चष्मा काढला. फ्रिज, खुर्ची, तुझ्या आईचा फोटो, सगळं विरघळलं, आणि मैनाबाई दारात उभी होती. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. आरशात रोज बघते तेच डोळे दुसऱ्याच्या चेहऱ्यातून माझ्याकडं बघत होते. मी थेंबांची बाटली खाली ठेवली.

तिचे ओठ हलले. तुला त्यात आवाज आला नाही म्हणून तू घाबरलीस. मला तर कुणाचाच नीट येत नाही, मी कित्येक वर्षं लोकांचे ओठच बघते. ती म्हणत होती, कोन आलं?

मी म्हटलं, "मी सीमा. या, बसा."

ओठ थांबले. ती आत आली आणि भिंतीशी टेकून बसली. मी बघत असताना तिनं पापणी मिटली आणि पुन्हा उघडली. तेव्हापासून रोज येते. मी चष्मा काढून भाजी निवडते, ती बसते. मध्येच विचारते, मी सांगते. पाच मिनिटांनी पुन्हा विचारते, मी पुन्हा सांगते. मला कुठं घाई आहे? तुझी आई गेल्यापासून या घरात कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं.

तू रक्षाबंधनाच्या सुट्टीत येशीलच. दारातून आत पाय टाकताना आपलं नाव मोठ्यानं सांग. मला ऐकू येणार नाही, पण ती विचारेल.

तुझी,
मावशी